गुलकंद खाण्यात धरत नाहीत

मला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडे होते आणि सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात कामाला होते. विजेचे स्विच बनायचे आमच्याकडे. टेबलावर आलेला नग हातात घ्यायचा, मीटरला लावायचा, बरा असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, एवढंच माझं काम. पण त्या ठिपक्याला खात्यातले भले भले वैतागायचे. ‘बाई आज घरून भांडून आलेल्या दिसतात,’ असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. मी भांडून आलेली असो की नसो, खराब मालाला ठिपका मिळायचा.

ऑपरेशन मुंबईला झालं. पोटाचा, म्हणजे जठराचा, बराचसा भाग काढून टाकला. ‘अल्सर होता,’ असं मला सगळ्यांनी सांगितलं. नवऱ्यानं सांगितलं, नणंदेनं सांगितलं, नर्ससुद्धा तेच म्हणाली. ज्या वॉर्डात झाडून सगळ्यांना तोच रोग, तिथे मला एकटीला अल्सर कसा असेल, एवढा विचार करण्याइतकं डोकं मला होतं. मी नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हटलं, “अहो, खरं सांगा, नाहीतर मी डॉक्टरांना विचारते आणि मग तुमच्याशी बोलत नाही.” तो रडायला लागला. मग मलाच त्याची समजूत काढावी लागली. आमच्या घरी हे नेहमीचंच.

मुंबईच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, थोडं थोडं खा, पुष्कळ वेळा खा, गोड बेतानं खा. पुढची इंजेक्शनं नाशिकलाच घेता येतील, असंही सांगितलं. शहरात त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, त्यांच्या नावानं चिठ्ठी दिली. केमोथेरपी हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. लोक ‘ती इंजेक्शनं’ म्हणायचे, आणि ‘ती’ म्हणताना आवाज खाली यायचा. एक आठवडा रोज शिरेतून इंजेक्शन, मग काही आठवडे सुट्टी, मग पुन्हा तसाच आठवडा. असे बरेच फेरे करायचे होते. पूर्ण केलेत तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. ‘तर’ हा शब्द मी नीट ऐकला होता.

मला मरायचं नव्हतं. हे इतकं साधं वाक्य, पण त्या दिवसांत आमच्या घरात ते कुणी बोलत नसे. ‘देवाच्या मनात असेल तसं’, ‘आपल्या हातात काय आहे’ असलं बोलायचे. मला राग यायचा. माझ्या हातात पुष्कळ काही आहे, असं मला वाटायचं. रोज उठून त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या चढणं माझ्या हातात होतं. दंड पुढे करणं माझ्या हातात होतं.

मदतीला सासूबाई नामपूरहून आल्या. घरचा उन्हाळी कांदा काढायला आला होता, तो दिराच्या भरवशावर टाकून आल्या. मी त्यांना आईच म्हणायची. बाई बुटक्या, काटक, बोलायला फटकळ. माझ्यासारख्याच, असं नवरा म्हणायचा, म्हणून आम्ही दोघी एका छपराखाली आठ दिवसांच्या वर कधी राहिलो नव्हतो. या वेळी मात्र त्या आल्या आणि राहिल्या. पदर खोचून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझे कपडे धुतले, माझी ओकारी उचलली, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

पहिल्याच दिवशी इंजेक्शनाचा वास माझ्या अंगाला येतो, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझा तळहात हातात धरून पाहिला. तो कढत होता. तोंड कोरडं पडलं होतं, डोळ्यांची आग होत होती, जिभेवर पाच पैशाचं नाणं ठेवल्यासारखी चव. त्यांनी निदान करून टाकलं.

“औषध गरम शे,” त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. “पोटले थंडावा नको का?”

याच्याशी वाद घालायचं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही. गरम औषध म्हटलं की थंडावा हवा, हे आम्ही सगळे आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. गोवर आला, घोळणा फुटला, तोंड आलं, की घरात पहिल्यांदा गुलकंदाची बरणी निघायची. हे तर कॅन्सरचं औषध, केसांच्या मुळापर्यंत जाळत जाणारं. त्याला तसाच जबरदस्त थंडावा पाहिजे. सासूबाईंनी घरचा गुलकंद बरोबर आणलाच होता, दोन उन्हाळे उन्हात मुरलेला. मी हॉस्पिटलातून आले की त्या गार पाण्यात गुलकंद कालवायच्या, वर खडीसाखर, भिजवलेला सब्जा, आणि मोठा पेला माझ्या हातात द्यायच्या. भेटायला येणारेही तसलंच काहीतरी घेऊन यायचे. कुणी मोरावळा आणला, कुणी द्राक्षांची पेटी, कुणी थर्मासमधून उसाचा रस. जो तो येऊन माझा हात धरून बघायचा आणि म्हणायचा, केवढी उष्णता आहे अंगात.

आणि मी पडायची.

हॉस्पिटलातून येताना रिक्षात मळमळायचं, पण ठीक असायची. घरी येऊन पलंगावर टेकायची, आणि थोड्या वेळानं एकदम छातीत धडधड सुरू व्हायची. घामानं पोलकं भिजून जायचं. हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पोटात मुरडा यायचा, आणि मग तासन् तास मी ओल्या फडक्यासारखी पडून राहायची. बोलायचं म्हटलं तरी जीभ उचलत नसे. सासूबाई कपाळाचा घाम पुसायच्या आणि म्हणायच्या, “गरमी बाहेर पडस. पडू दे.” आणि जरा हुशारी आली की अर्धा पेला आणखी.

पहिला आठवडा असा गेला. डॉक्टर रोज विचारायचे, “कसं वाटतंय?” मी रोज म्हणायची, “ठीक आहे.” बायकांची जातच तशी, असं कुणी म्हणेल. जात वगैरे काही नाही. इंजेक्शन बंद होईल ही मला धास्ती होती. मग सुट्टीचे आठवडे आले आणि माझी घेरी आपोआप थांबली. सासूबाईंनी सरबतही थांबवलं, कारण औषध नाही तर गरमीही नाही. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. म्हणजे पाडत होतं ते औषधच, याबद्दल घरात कुणाला शंका उरली नाही.

दुसऱ्या फेऱ्याच्या पहिल्या दिवशी नवरा घरीच थांबला. त्याची नोकरी नाशिक रोडला, एरवी तो मला रिक्षानं घरी सोडून तसाच दुपारच्या पाळीला जायचा, त्यामुळे मी कशी पडते हे त्यानं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे मला विचारलं, “कसं वाटतंय?” मी तोंड उघडायच्या आत तो बोलून गेला. घाम, धडधड, अंधारी, सगळं सांगितलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अर्ध्यावर थांबला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. खाणं काय काय चालू आहे, विचारलं. आम्ही सांगितलं. भाताची पेज, मऊ भात, मुगाच्या वरणाचं पाणी. गोड? अजिबात नाही, मी म्हटलं, आणि ते मला अगदी खरं वाटत होतं. लोकांनी आणलेले पेढे मी शेजारच्या पोरांना वाटून टाकत होते. शिरा नाही, श्रीखंड नाही, चहाही बिनसाखरेचा. गुलकंदाचा विषय ना माझ्या मनात आला ना नवऱ्याच्या. गुलकंद आमच्याकडे खाण्यात धरत नाहीत. तो थंडावा.

डॉक्टर शांत माणूस होते. ते म्हणाले, “शरीर औषध झेलत नसेल तर ते रेटण्यात अर्थ नाही. तुमचं हृदय त्रासात आहे असं दिसतंय. आज देतो. आज पुन्हा असं झालं तर उद्यापासून बंद. मग काय करायचं ते पाहू.”

मग काय करायचं ते मला माहीत होतं. मग काहीच करायचं नव्हतं.

इंजेक्शन शिरेत जात असताना मी छताकडे पाहत पडले होते. नर्स म्हणाली, “बाई, हात सैल सोडा.” हात सैल सुटेना. मला औषधाचा राग येत होता, नवऱ्याचा येत होता, माझ्या अंगाचा येत होता. आणि तेवढ्यात, कसं कोण जाणे, मला कारखाना आठवला. एखाद्या दिवशी नगामागून नग रिजेक्ट व्हायला लागले की सगळे एकदम धावपळ सुरू करायचे. कुणी स्प्रिंग बदल, कुणी स्क्रू आवळ, कुणी मीटरच बदलून आण. मी ओरडायची, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते जन्मात कळायचं नाही. आणि दुसरं म्हणजे, आधी हे बघा की माल कुठपर्यंत चांगला होता.

मी कुठपर्यंत चांगली असते? इंजेक्शन झाल्यावर खाटेवर चांगली असते. पायऱ्या उतरताना चांगली असते. रिक्षात मळमळते, पण घाम नाही, धडधड नाही. पडते ती घरी गेल्यावर. औषध तर कधीचं शिरेत गेलेलं. त्याला मला पाडायचंच असेल तर ते सातपूरच्या घरापर्यंत कशाला थांबेल? घरी गेल्यावर पहिलं काय होतं?

घरी गेल्यावर पहिला पेला हातात येतो.

मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्यानं मला दारात सोडलं, “जपून,” म्हणाला आणि पाळीला गेला. सासूबाई पेला घेऊन उभ्याच होत्या.

“आई, आज सरबत नको.”

“गरम औषध लिसन उनी तू, आन थंड नको म्हनस?”

“एकच दिवस. पेज द्या, वाटीभर. बाकी काही नको.”

“तोंड कडू शे म्हनून नको म्हनस. मी जानस. पी ले, आंग थंड व्हई.”

“नाही प्यायचं मला!” मी ओरडले. मला ओरडायचं नव्हतं, पण अंगात बोलायची ताकद कमी असली की माणूस ओरडतंच. “एक दिवस माझं ऐका. रोज पिते आणि रोज पडते. आज न पिता बघू द्या.”

त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. मी काय म्हणते आहे ते त्यांना त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मन्ही बहीण गई उष्णतामा. लहान होती. तिले कोणी थंड दिलं नही.”

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. मला वाईट वाटलं, आणि तरीही मी पेला घेतला नाही. तो घेतला असता तर त्या दिवशी मी त्यांचं मन राखलं असतं आणि स्वतःचा जीव घालवला असता. मी भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसले. त्यांनी पेज आणली. मी चमच्यानं थोडी थोडी खाल्ली. तोंडातल्या फोडांवर मीठ लागून डोळ्यांत पाणी येत होतं, पण खाल्ली.

सासूबाई समोर जमिनीवर बसल्या. त्या माझ्या कपाळाकडे पाहत होत्या. घाम केव्हा फुटतो, याची वाट पाहत होत्या. मीही तेच करत होते. छातीवर हात ठेवून बसले होते. बाहेर कॉलनीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता, सायरन झाला, पाळी सुटल्याच्या सायकली गेल्या. मळमळलं. एकदा ओकारीही झाली, ती त्यांनी उचलली. पण घाम आला नाही. धडधड झाली नाही. अंधारी आली नाही. मी उठून स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत गेले आणि तोंड धुऊन परत आले.

परत आले तेव्हा त्या तिथेच बसलेल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं, पण त्यांच्यासमोर तो आनंद दाखवायची मला लाज वाटली. त्या उठल्या, पेला मोरीत ओतला आणि रात्रीचं न जेवता झोपल्या.

सकाळी मी तयार होऊन पाहते तर सासूबाई बाहेर जायचं लुगडं नेसून दारात उभ्या.

“मी बी येस,” त्या म्हणाल्या.

हॉस्पिटल म्हणजे त्यांना धसका. इतक्या दिवसांत त्या एकदाही तिथे आल्या नव्हत्या. नवरा गोंधळला. रिक्षात तिघं दाटीवाटीनं बसलो. सगळ्या रस्त्यात त्या समोर बघत होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, “काल काय झालं?”

“काही झालं नाही,” मी म्हटलं. “घाम नाही, घेरी नाही. माझ्या लक्षात आलंय कशानं होत होतं. घरी गेल्यावर मी गोड सरबत...”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “बाई, तुम्ही पहिल्या आठवड्यात मला रोज ठीक आहे म्हणून सांगितलंत. आज तुम्ही ठीक आहे म्हणालात तर मी काय समजायचं?” मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही सांगा.”

नवरा म्हणाला, “मी काल पाळीला होतो.” डॉक्टरांनी माझा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. आता ते काय लिहिणार, हे मला कळलं. आयुष्यात कधी नव्हे ते मला भांडायला सुचेना.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“डॉक्टरसाहेब, ती सांगस ते खरं शे. मी तिले रोज गुलकंदनं पाणी देत होते. वर खडीसाखर. येक पेला, कधी दीड. काल दिलं नही. काल ती पडनी नही. मी समोर बसेल होते.” त्या थांबल्या. नजर त्यांनी खाली केली नाही. “तिले औषध पाडत नव्हतं. मी पाडत होते. औषध बंद नका करू.”

नर्स ट्रे धरून तशीच उभी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना खुर्ची दिली. मग किती वेळा, किती, केव्हा, सगळं विचारून घेतलं. त्या एकेक सांगत गेल्या, उसाचा रस, मोरावळा, द्राक्षं, काही लपवलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, “आजी, जठर अन्न थोडं थोडं करून पुढे सोडतं. यांचं जठर बरंचसं काढलेलं आहे. साखरेचं पाणी सरळ आतड्यात जाऊन पडतं, आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, आणि माणूस असा कोसळतो. गुलकंद वाईट नाही. यांना चालत नाही, एवढंच.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “इंजेक्शन चालू ठेवू. मळमळ, तोंड येणं, ते औषधाचंच आहे. ते राहणार.”

“राहू द्या,” मी म्हटलं. तेवढं मी सोसणार होते. तेवढं माझ्या हातात होतं.

मी दंड पुढे केला. सुई शिरेत जाताना सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण खोलीबाहेर गेल्या नाहीत. निघताना त्या पुन्हा डॉक्टरांकडे वळल्या आणि विचारलं, “मंग आते मी इले काय देऊ?”

त्या प्रश्नानं मला रडू आलं. ऑपरेशन झाल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते, तिथे रडले. डॉक्टर म्हणाले, डाळ द्या, पनीर द्या, चालत असेल तर अंडं द्या. थोडं थोडं.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या घरात असल्या की आम्ही अंडं शिजवत नसू. मी म्हटलं, “आई, डाळच करा. अंड्याचं राहू द्या.” त्या मला घरी सोडून कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि पदराखाली झाकून काहीतरी घेऊन आल्या. पातेलं चढवलं. किती शिजवायचं ते माहीत नव्हतं, विचारायचं नव्हतं, म्हणून पुष्कळ वेळ उकळत ठेवलं. सोलताना कवचाबरोबर अर्धं पांढरं निघून आलं. उरलेलं बशीत घालून माझ्यापुढे ठेवलं, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि कालच्याच जागी जमिनीवर बसून माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या.

मला त्या वासानंच उमळून येत होतं. इंजेक्शन परवडलं, पण ते नको, असं वाटत होतं. मी एकेक तुकडा तोंडात घोळवून खाली ढकलला. अर्धं झालं आणि बशी बाजूला सारली. कपाळ कोरडं होतं. दोघींनीही पाहिलं.

“मला जगायचंय, आई,” मी म्हटलं.

“मंग थोडं थांब,” त्या म्हणाल्या, “आन उरलेलं बी खाय.”